अंगण, कुरण, भोंगा : तीन शब्दांचा इतिहास

‘अंगणवाडी’ हा शब्द आज भारतातील बहुतेक भाषांनी आपलासा केला आहे. तमिळ, कन्नड, मल्याळम बोलणाऱ्या खेड्यांतूनही तो सहज वापरला जातो. तो शासकीय परिभाषाकोशात घडला असावा, असाच सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या, डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी या गावी आहे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत केलेले काम, १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ, ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन आणि दादरचे शिशुविहार एवढी पूर्वपीठिका त्यांच्यामागे होती, पण ती सारी मध्यमवर्गीय बालकांची होती. बोर्डीत त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) या बालविधवा होत्या आणि शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या होत्या. बोरीवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची भेट झाली होती.

त्याच वर्षी, त्याच परिसरात, दुसरी एक घटना घडत होती. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली समाज वेठीविरुद्ध उभा राहिला होता. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे, या ‘लग्नगडी’ पद्धतीची नोंद सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात आधीच केली होती. परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मराठी वाचकाला परिचित आहे. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ देखील अनेकांनी वाचले आहे. परंतु ही दोन पुस्तके एकाच भूमीची आहेत, हे ध्यानात घेऊन ती एकत्र वाचण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. एकीकडे संघर्ष व दुसरीकडे सेवा, अशी वाटणी समीक्षेने केली आणि त्यात दोहोंचेही नुकसान झाले. वेठीला जुंपलेल्या घरातले मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या पुस्तकाखेरीज मिळत नाही. आणि वेठ उठल्यानंतर त्या मुलाचे काय, हा प्रश्न दुसऱ्याखेरीज उभाच राहत नाही.

बालवाडी उघडली म्हणून मुले आली नाहीत. वस्ती विखुरलेली, एका पाड्यापासून दुसरा दूर. शिवाय गावाच्या मध्यवर्ती जागेत पाऊल टाकण्यास दलित आणि आदिवासी मुलांना संकोच वाटे, आणि तो संकोच गावानेच शिकवलेला होता. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे येथून दिवसाचा प्रारंभ होई. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला पडली. चिंचोके, शिंपले, खडे, पाने, माती यांनी त्यांची जागा घेतली. आईच्या डोळ्यांदेखत हे सारे चाले, आणि म्हणून आईही नकळत त्या शिक्षणात सामील होई. काटकसर हे या बदलाचे कारण म्हणून सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. अंगण हे कुटुंबाचे असते. तेथे पाहुणा शिक्षक असतो, मूल नव्हे. या उलटापालटीत खरी क्रांती होती.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली पाड्यांच्या अधिक निकट आले. तेथे अंगणही पुरेना. सहा-सात वर्षांचे मूल गुरे राखायला जाई आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राही. पहिल्यासाठी ‘कुरणशाळा’ निघाली : शिक्षक गुरांमागून कुरणात जाई, आणि पाखरे, झाडे, दगड यांच्या आधाराने शिकवी. दुसरीसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ झाली; भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू शके. तिच्या शिक्षणाआड येणारी अडचण नेमकी कोणती, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच असा उपाय सुचतो.

या प्रयोगाला मर्यादा नव्हत्या असे नाही. वारली बोली आणि पुस्तकी मराठी यांतील अंतर हा त्यांतला सर्वांत अवघड भाग, आणि त्याचा निकाल आजही लागलेला नाही. स्वच्छतेच्या आग्रहात नागर संस्कारांचा सूर होता, हेही नाकारता येत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि केंद्रासाठी ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरोदर व स्तनदा मातांची देखभाल अशा सेवा एका छत्राखाली आल्या, हे मोठे काम झाले. त्यामुळे वाचलेल्या मुलांची किंमत कोणत्याही समीक्षकाने कमी लेखू नये. पण छत्र आले आणि अंगण गेले. ठरलेली खोली, ठरलेली वेळ, भरावयाची नोंदपुस्तके, यांत पूर्वशिक्षण मागे पडले. चालवणाऱ्या स्त्रीला ‘सेविका’ म्हटले गेले आणि तिला वेतनाऐवजी ‘मानधन’ मिळू लागले; शब्दांची ही निवड निरुपद्रवी नव्हती. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला, तेव्हा योजनेला सेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती.

अडचण अजून एका ठिकाणी आहे. दिवाळीनंतर पालघरमधील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. अंगणवाडी पाड्यावर राहते, तिच्या पटावरचे मूल भट्टीवर असते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यातील भट्ट्यांवरच या मुलांसाठी शाळा काढल्या आणि त्यांना नाव दिले ‘भोंगाशाळा’. भोंगा म्हणजे मजुरांची तात्पुरती, गवताने शाकारलेली निमुळती झोपडी. अंगणवाडी, कुरणशाळा, भोंगाशाळा : तिन्ही नावे मूल जेथे असते त्या जागेवरून पडली आहेत, तेथे काय शिकवले जाते त्यावरून नव्हे. यांपैकी पहिलेच नाव दिल्लीपर्यंत पोहोचले. हंगाम संपला आणि पावसाची चाहूल लागली की भोंगे मोडतात. शाळेचा भोंगाही त्यांबरोबरच मोडावा लागतो, आणि मुले पुन्हा पाड्यावर येतात, तेव्हा तेथल्या शाळेचे वर्ष संपलेले असते.