शाळेतले कपाट आणि शनिवारचा तास

दर शनिवारी सकाळी आपल्या मंडळाच्या दोन भगिनी खांद्याला पिशवी अडकवून जवळच्या प्राथमिक शाळेकडे निघालेल्या आपण पाहिल्या असतीलच. कोणी "कुठे निघालात?" असे विचारले तर "वाचायला!" हे उत्तर ठरलेले. या वाचनतासाची हकीकत वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी लिहावी अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. लिहायला बसले आणि ध्यानात आले की ही हकीकत खरी एका कपाटाची आहे, आणि त्या कपाटाची गोष्ट आपल्या शाळेत सुरू होत नाही. तिचे मूळ फार मागे जाते. म्हणून थोडा इतिहासही सांगते. भगिनींनी कंटाळा करू नये.

२०१५ साली महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळण्यास प्रारंभ झाला. त्या पहिल्या वर्षी शाळेने आपल्या मंडळाला निमंत्रण दिले. व्हरांड्यात टेबले मांडून त्यांवर पुस्तके लावली होती. मुले रांगेने आली, पुस्तके पाहून पुढे गेली. एका मुलाने एक पुस्तक उचलून उघडले, तोच मागच्याने त्याला ढकलले. दुपारी पुस्तके मोजून पुन्हा लोखंडी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागले. मी सहज विचारले, "बाई, हे आता पुन्हा कधी उघडणार?" बाई प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, पुस्तकांचा चार्ज माझ्याकडे आहे. बदली झाली म्हणजे एकेक पुस्तक मोजून द्यावे लागते. हरवले तर भरून कोणी द्यायचे?"

त्या वेळी मला बाईंचा राग आला होता. पुढे थोडेबहुत वाचल्यावर कळले की त्यांनी विचारलेला प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांचा जुना आहे. पुस्तक हरवले तर नुकसान कोणी सोसायचे, या प्रश्नाचे उत्तर जिथे सापडले तिथेच मुलांची ग्रंथालये चालली. बाकी ठिकाणी कपाटेच राहिली.

आपल्या भाषेत मुलांसाठी लिहिणारे कोणी नव्हते असे मुळीच नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले आणि १९१४ साली देह ठेवीपर्यंत ते चालविले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' सुरू केला. परंतु मासिकाची वर्गणी भरणारी घरे किती? गावोगावी वाचनालये निघाली, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. ही कामे मोठीच होती. पण जुन्या वाचनालयांची सर्वसाधारण रीत आपल्याला ठाऊक आहे. आधी अनामत, मग वर्गणी, मग पुस्तक. नुकसानीची सोय अनामतीने झाली, हे खरे. मात्र सात वर्षांच्या पोरीने अनामत आणायची कोठून? जिचे वडील सभासद ती वाचणार, बाकीच्या बाहेर.

हा पेच आमच्या मराठी मुलुखाला जवळच्याच एका संस्थानात सुटला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या राज्याला लागू केले. पण महाराजांना एक गोष्ट खटकत होती. शाळा सोडल्यावर ज्या मुलाच्या हाती पुस्तक पडत नाही, ते मूल काही वर्षांत शिकलेले विसरते. मग शाळांवरचा खर्च वायाच म्हणायचा! अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली फुकट वाचनालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून ग्रंथालय खाते त्याच्या हाती दिले. बोर्डन १९१३ साली परत गेला, पण खाते चालू राहिले. १९१२ साली या खात्याकडून एक त्रैमासिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराथी आणि मराठी अशा तीन भाषांत असे.

बडोद्याच्या योजनेतला हिशेब आपल्या खजिनदारबाईंनी मुद्दाम पाहावा असा आहे. गावाने जेवढी रक्कम जमवायची तेवढीच पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे भार तिघांत सारखा वाटलेला. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवीत आणि ने-आणीचा खर्च खात्याकडे असे. बडोदे शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. मुलांच्या खोलीत पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. पुस्तक हरवले तर एकट्या मास्तराच्या पगारातून ते जाऊ नये, इतकी सावली या व्यवस्थेने कामाला दिली होती.

अमेरिकेतली एक हकीकत मला फार आवडली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ साली ॲन कॅरोल मूर या बाईंकडे मुलांच्या विभागांचे काम आले. त्यांच्या येथे मुलांकडून अनामत घेत नसत. एक मोठी वही असे. पुस्तके जपून वापरीन, नियम पाळीन, अशा अर्थाचे वचन वाचून मुलाने त्या वहीत आपल्या हाताने नाव लिहावयाचे, की झाले ते वाचक. परदेशातून आलेल्या गरीब मजुरांची मुले तिथे येत. त्यांच्याजवळ पैसे नसत, पण स्वतःचे नाव होते!

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मुलांचा विचार मुलांच्या बाजूने केला. गिजुभाईंनी 'दिवास्वप्न' या पुस्तकात एका शिक्षकाचा प्रयोग रंगविला आहे. हा शिक्षक वर्गात आधी गोष्टी सांगतो, मुलांना गोडी लावतो, आणि मग प्रत्येकाने तेच ते क्रमिक पुस्तक घेण्याऐवजी निरनिराळी वाचनाची पुस्तके आणवून वर्गाचे छोटे ग्रंथालय करतो. ताराबाई भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या दारी अंगणवाडी नेली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार पुस्तकांनाही तितकाच लागू आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पहिल्याचा मथितार्थ असा, की पुस्तक वापरण्यासाठी असते. इतकी साधी गोष्ट सांगायला सूत्र कशाला, असे वाटेल. पण जुन्या काळी युरोपात पुस्तके साखळदंडाने फळीला बांधून ठेवीत, याची आठवण त्यांनी तिथेच करून दिली आहे. आपल्या शाळेतील कुलूप पाहिले की वाटते, साखळी गेली, तिची नात राहिली.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, १९७१ साली तिचे 'किशोर' मासिक निघाले. १९८७ साली 'खडू-फळा' योजनेतून शाळांना जे साहित्य मिळाले त्यात पुस्तकेही होती. २००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके हवीत, असे सांगितले. कायद्याने पुस्तके येतात, कपाटही येते. कपाट उघडायला मात्र माणूस लागतो आणि आठवड्यातला एक तास लागतो.

तो तास आपण मागितला. हेडबाईंनी शनिवारचा दिला. सुरुवातीला बाई कपाट उघडून शेजारीच उभ्या राहात. आपण सतरंजी अंथरीत असू. आधी सर्वांनी हात धुवायचे, मग गोलात बसायचे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही गोष्ट वाचून दाखवीत असू. दुसऱ्या शनिवारी कविता आणि कोडी. तिसऱ्या शनिवारी मुलांनी वाचलेले सांगायचे. चौथ्या शनिवारी 'दवाखाना', म्हणजे फाटलेल्या पुस्तकांना खळीने कागद चिकटवायचे आणि सुटलेली पाने दोऱ्याने शिवायची. हा दवाखाना मुलांना सर्वांत प्रिय! ज्या पोराने स्वतः पान चिकटविले ते पोर पुढे दुसऱ्याला पान दुमडू देत नाही, हा आमचा अनुभव. उरलेला वेळ ज्याने त्याने हवे ते पुस्तक घेऊन वाचायचे.

वर्षभराने पुस्तके घरी देण्याचा प्रश्न निघाला. वचनाची वही करावी हे मीच सुचविले आणि मुलांनी वेड्यावाकड्या अक्षरांत नावे लिहिली. पण सांगायला लाज वाटते, वचन घेण्याची कल्पना माझी असली तरी विश्वास ठेवण्याची तयारी माझी नव्हती. तिसरीतल्या एका मुलीने चित्रांचे एक पुस्तक नेले, ते तीन आठवडे झाले तरी आणले नाही. मी सर्वांसमोर तिला म्हणाले, "वहीत नाव कशाला लिहिलेस मग?" ती काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी चौकशी करीत तिच्या घरी गेले तेव्हा खोलीला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "बिल्डिंगचं काम संपलं, गेली ती माणसं दुसऱ्या साईटवर." पुस्तकाचे मोल फार तर चाळीस-पन्नास रुपये. त्यापायी मी एक वाचक घालविली होती, आणि तिला "असू दे ग" एवढे म्हणायची संधीही मला उरली नाही.

त्या महिन्याच्या सभेत मी हे सांगितले. काही भगिनींचे मत पडले की घरी देणे बंद करावे, म्हणजे असा प्रसंगच येणार नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी ठराव झाला की घरी देण्याची पुस्तके मंडळाने आपल्या पैशाने घ्यावीत, ती शाळेच्या नोंदीत न धरता पिशवीतून न्यावीत-आणावीत, आणि हरवलेल्याचा खर्च मंडळाच्या खात्यावर टाकावा. बाईंवर नाही, मुलांवर नाही. बडोद्याच्या पेट्यांचीच ही लहान आवृत्ती म्हणाना! बाईंना इतके हायसे वाटले की काही दिवसांनी त्यांनी आपण होऊन शाळेच्या कपाटातली पुस्तकेही घरी द्यायला सुरुवात केली.

या ठरावाची परीक्षा लौकरच झाली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा एकाएकी बंद झाल्या. बरीच पुस्तके मुलांच्या घरीच राहिली, बाकीची कपाटात. ती आता गेलीच, असे मला वाटले, आणि 'ती' म्हणजे घरी गेलेली. शाळा पुन्हा नीट भरू लागल्या त्या २०२२ साली. बाईंनी कपाट उघडले तेव्हा खालच्या दोन खणांत वाळवीने घर केले होते. वरच्या पुस्तकांना ओल येऊन पाने एकमेकांना चिकटली होती. इकडे मुले घरची पुस्तके घेऊन येऊ लागली. कोणाच्या पुस्तकावर तेलाचे डाग, कोणाच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर. एका मुलाने सांगितले की त्याच्या धाकट्या भावाची शाळा बंद होती, तेव्हा तो त्याच एका पुस्तकावर वाचायला शिकला. सगळी आली नाहीत. पण कुलपाआड जितकी गेली त्याहून मुलांच्या हाती पुष्कळ कमी गेली.

याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही. पुस्तकाला माणसाचा हात लागत राहिला तर ते मळते, पण टिकते.

आता थोडे आपल्यापुरते. शनिवारच्या तासाला सध्या आम्ही चौघीच पाळीपाळीने जातो, आणि चौघींचीही वये झाली आहेत. परीक्षेच्या दिवसांत किंवा कोणी आजारी पडले तर तास बुडतो. मुले मात्र सतरंजी अंथरून वाट पाहात बसतात. शिक्षण किती झाले याची अट नाही, मोठ्याने वाचता आले म्हणजे पुरे. चष्मा विसरू नये! शेजारच्या घरांतील सुना-लेकींनीही यावे. ज्यांना येणे जमणार नाही त्यांनी वर्षाकाठी एक पुस्तक पिशवीत टाकावे.

देवघेवीच्या वहीत त्या मुलीच्या नावापुढचा परतीचा रकाना अजून कोराच आहे. वार्षिक हिशेबाच्या वेळी तिथे 'हरवले' असे लिहावे, असे खजिनदारबाईंनी सुचविले होते. मी त्यांना विनंती केली आणि त्यांनी ती मानली. पुस्तक तिच्यापाशी आहे, इतकेच आम्ही धरून चाललो आहोत.