जुहू विमानतळ
मुंबईच्या पश्चिम उपनगरातील, अरबी समुद्राजवळचा भारतातील पहिला नागरी विमानतळ. स्थापना १९२८. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बाँबे फ्लाइंग क्लबमुळे येथे खाजगी उड्डाणास चालना मिळाली. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना या क्लबातील जे. आर. डी. टाटा यांना १९२९ मध्ये मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी एक-एंजिनी पस मॉथ विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या टपालसेवेतूनच पुढे ‘एअर-इंडिया’ (१९४६) उदयास आली.

सखल जमिनीमुळे पावसाळ्यात हे मैदान चिखलमय व निरुपयोगी होई. त्या महिन्यांत सेवा पुण्याहून चालवावी लागे. सु. १.१ किमी. लांबीची धावपट्टी मोठ्या विमानांस अपुरी असल्याने दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाहतूक नजीकच्या सांताक्रूझ विमानतळाकडे गेली. दोन्ही तळ इतके जवळ आहेत, की १९५३ मध्ये एक कॉमेट व १९७२ मध्ये एक डीसी-८ जेट विमान चुकून जुहूस उतरले. त्यांपैकी दुसरे धावपट्टीपलीकडे जाऊन निकामी झाले.

मोठ्या विमानांस अपुरा ठरलेला हा तळ हेलिकॉप्टरांस मात्र सोयीचा ठरला. मुंबई हाय येथे खनिज तेल सापडल्यावर (१९७४) समुद्रातील तेलफलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरांचे हे प्रमुख केंद्र बनले. प्रवासी वाहतूक गमावूनही, शहराच्या वस्तीने वेढलेल्या या तळाची उपयुक्तता त्यामुळे टिकून राहिली.