बैठकीला बसणारे शौकीन

पुण्यातलं आर्यभूषण थिएटर असो की चौफुला, मोडनिंबची कला केंद्रं, संगीत बारीचा खरा शौकीन रंगमंचासमोरच्या गर्दीत फारसा सापडत नाही. तो आतल्या खोलीत बैठक लावतो. गादी, लोड, पेटी, तबला, ढोलकी आणि समोर नऊवारी नेसून बसलेली गायिका. ती लावणीची एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी नवी अदा दाखवते. कधी रुसवा, कधी आर्जव, तर कधी नुसती मान वळवून नकार. त्याने फर्माईश करायची, खूश झाला की दौलतजादा करायचा. त्याच पार्टीकडे, त्याच बाईसाठी येत राहणाऱ्या अशा माणसांवर हा व्यवसाय उभा राहिला. गावात परतल्यावर मात्र कुठे गेलो होतो, हे त्यांतले बहुतेक जण सांगत नसत.

उत्तर पेशवाईत लावणीला दरबारी आश्रय होता. दुसऱ्या बाजीरावाने शाहिरांना बिदागी दिली. घरचा कायदा मात्र तेव्हाही वेगळा होता. सोलापूरच्या वैदिक घराण्यातला राम जोशी तमाशाच्या फडात रमला, तेव्हा थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढलं, अशी कथा आजही सांगितली जाते.

शंभर वर्षांनी तेच घडलं, आणि अधिक कठोरपणे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशाच्या नादाने घरदार सोडून पठ्ठे बापूराव झाले. हिवरगावची पवळा ही महार समाजातली कलावंतीण त्यांच्या फडात आली आणि आयुष्यातही आली. फड गाजला, लोकांनी गर्दी केली. पण ब्राह्मण समाजाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या लावण्यांवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्रात १९४५ साली ते विपन्नावस्थेत वारले.

बापूरावांनी निदान आपलं प्रेम लपवलं नाही. बैठकीच्या शौकिनाने ते लपवलं आणि त्याची किंमत बाईने मोजली. संगीत बारीत प्रामुख्याने कोल्हाटी समाजातल्या स्त्रिया. रूढी अशी की पायात चाळ बांधले की लग्न नाही. एखाद्या शौकिनाशी सूत जुळलं तर तो तिला ठेवणार. त्याची लग्नाची बायको, मुलं आणि शेतीवाडी गावात, हिची मुलं आईच्या माहेरी. यातली काही नाती वर्षानुवर्षं टिकली, त्यांत मायाही होती. शाळेत मुलाचं नाव घालायची वेळ आली की ती माया गप्प बसायची. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनात हे सगळं उघड्यावर मांडलं. वडिलांच्या नावाच्या जागी त्यांनी आईचं नाव लावलं, त्यामागे हाच इतिहास आहे.

आपलं प्रेम लपवणाऱ्या शौकिनाच्या लाजेचं टोक व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मध्ये (१९७२) दिसतं. गावातून तमाशा हाकलायला निघालेले गुरुजी नर्तकीत गुंततात. गाव त्यांना मेलेले समजून त्यांचा पुतळा उभारतं आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली ते शिक्षा पत्करतात. ‘मीच तो गुरुजी’ हे गावाला कळण्यापेक्षा त्यांना मरण बरं वाटतं.

सरकारी कारवाईचा रोखही कायम रंगमंचाकडेच राहिला. १९४८ साली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली. २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली आणि हजारो मुलींचा रोजगार बुडाला. डान्स बारबाबतच्याच २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बक्षिसी देण्याला मुभा दिली, नोटा उधळण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली. इतक्या वर्षांच्या वादात नाचणारीच्या चारित्र्याची चौकशी झाली; पैसे घेऊन येणाऱ्याला मात्र कुणी काही विचारलं नाही.

कोल्हाटी समाजातल्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कलावंतिणीच्या वाट्याला उशिरा का होईना, मान आला. शौकिनांच्या घरांनी आपला वाटा अजून उचललेला नाही. ज्यांच्या घरात असा एखादा आजोबा, चुलता होऊन गेला, त्यांनी त्याच्या बैठकीच्या आठवणी न लाजता लिहून काढाव्यात. आणि त्या बाईची मुलं, नातवंडं कुठे असतील, तर ती आपलीच भावंडं आहेत हे मोकळ्या मनाने मान्य करावं.