दोन इंचांची चूक आणि मुलांचं स्टॅटिस्टिक्स



ज्यांची मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इकॉनॉमिक्स किंवा बिझनेस शिकतायत, त्यांना हा संवाद ओळखीचा असेल. मूल म्हणतं, "मला मार्केटिंग करायचंय, स्टॅट्स कशाला?" आणि आपण म्हणतो, "कम्पल्सरी आहे ना, मग पास हो आणि सुटका करून घे." मी सीए आहे, माझं पोटच आकड्यांवर चालतं, त्यामुळे आपल्या त्या उत्तरावर माझा आक्षेप आहे. मुलांच्या जाडजूड पुस्तकात फॉर्म्युले भरपूर असतात, पण ते कोणाला, कुठल्या अडचणीतून सुचले हे क्वचितच येतं. त्यातले एक गृहस्थ आपल्या सातारा जिल्ह्यातले होते. आज त्यांच्याबद्दल लिहिते.

आधी एक छोटी गोष्ट, कारण ती मुलांना नक्की आवडते. टी-टेस्ट शिकवताना 'स्टुडंट्स टी' असं म्हणतात. हा स्टुडंट म्हणजे कोणी विद्यार्थी नव्हे. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत काम करायचा. बार्लीचे, हॉप्सचे नमुने थोडेच मिळायचे, आणि तेवढ्यावरून निष्कर्ष काढायचा तर किती भरवसा ठेवायचा, हा त्याचा रोजचा प्रश्न. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून 1908 साली त्याने आपला लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला. म्हणजे मुलं जी टेस्ट घोकतात ती दारूच्या कारखान्यात जन्मली.

आता आपल्या माणसाकडे येऊ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911, गाव बुध. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते 1933 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. सँपलिंगचा पाया घालणारे येर्झी नेमन तेव्हा तिथेच होते. 1936 मध्ये सुखात्म्यांना पीएचडी मिळाली. परत आल्यावर, 1940 पासून ते दिल्लीत शेती संशोधनाच्या सरकारी कौन्सिलमध्ये रुजू झाले.

तेव्हा देशात धान्य किती पिकलं हे कसं ठरायचं? आपल्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं: आणेवारी. गावचा कुलकर्णी नाहीतर तलाठी उभं पीक नजरेने बघायचा आणि सांगायचा, यंदा बारा आणे, यंदा आठ आणे. त्या अंदाजावर सारा माफ व्हायचा किंवा वसूल व्हायचा, त्यामुळे त्या 'नजरे'त काय काय मिसळत असेल याची कल्पना करा. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, आणि पिकाचे सरकारी आकडे किती कच्चे आहेत हेही तेव्हा उघड झालं.

यावर उपाय होता पीक कापणी प्रयोग. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, शेतात ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं. पण तुकडा केवढा घ्यायचा? इथे वाद पेटला. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक, फार मोठा माणूस. त्यांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता. काम झटपट होतं, जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांनी वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून तुलना केली, तर लहान वर्तुळांतून उत्पन्न खऱ्यापेक्षा सतत जास्तच येत होतं. 1946 मध्ये त्यांनी हे 'नेचर' या साप्ताहिकात मांडलं.

का जास्त येतं, ते हिशोब करून बघा. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ आखलंय. अगदी काठावर गव्हाचं एक रोप आहे, आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात सहसा ते आत ओढतो, दाणा वाया कशाला घालवा. समजा असं चारी बाजूंनी दोन इंच आत ओढलं गेलं. त्रिज्या 24 इंचांऐवजी 26 झाली. क्षेत्रफळ 17 टक्क्यांनी वाढलं! आता तुकडा 33 फूट बाय साडेसोळा फूट घ्या, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. तीच दोन इंचांची चूक चारी बाजूंनी केली तरी क्षेत्रफळ जेमतेम 3 टक्के वाढतं. तुकडा लहान तितका त्याचा काठ पोटाच्या मानाने मोठा, बस्स.

आणि इथेच पहिल्या सेमिस्टरची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. शंभर वर्तुळांऐवजी दहा हजार वर्तुळं कापली तर चूक कमी होईल का? नाही. आकडा अधिक ठाम दिसेल, कॉन्फिडन्स इंटरव्हल अरुंद होईल, पण तो ठामपणे चुकीच्या जागी बसलेला असेल. कधी इकडे कधी तिकडे पडणारी चूक सरासरीत विरून जाते, एकाच बाजूला झुकलेली विरत नाही. ऑडिटमध्ये हे मला कायम दिसतं. दहा हजार व्हाउचरमधली शंभर तपासायची आहेत, आणि ती शंभर क्लायंटचा अकाउंटंटच निवडून देतोय, तर शंभरच्या जागी पाचशे मागून काय फायदा?

महालनोबिस काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खास तयार केलेली, फक्त हेच काम करणारी माणसं त्यांच्या हाताशी होती. सुखात्म्यांना मात्र हे काम सरकारी खात्यांच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडूनच करून घ्यायचं होतं. म्हणजे वाद नुसत्या गणिताचा नव्हता, कापणारा हात कोणाचा हाही प्रश्न होता. आज पीक विम्याची भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. तुमचं कोणी गावाकडे शेती करत असेल तर त्यांना विचारा.

सुखात्मे पुढे जवळजवळ वीस वर्षं रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम बघत होते. मग पुण्याला परतले आणि पुण्यातच दुसरा वाद झाला. 1971 मध्ये गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी गरिबीवरचा प्रसिद्ध अभ्यास मांडला होता, त्यात माणशी रोज 2250 कॅलरींची रेषा धरली होती. सुखात्म्यांचं म्हणणं, सरासरी म्हणजे किमान गरज नव्हे. एकाच निरोगी माणसाचं खाणंसुद्धा आठवड्यागणिक कमीजास्त होतं. म्हणून रेषा सरासरीवर ओढू नका, सरासरीतून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन वजा करून ओढा. रेषा खाली आली की उपाशी लोकांची संख्याही झपाट्याने खाली येते. दांडेकरांनी हे जोरदार खोडून काढायचा प्रयत्न केला, 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त लेखांवर लेख आले.

मीन आणि एसडी, मुलांच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला धडा, आणि त्यावर कोट्यवधी माणसं भुकेली आहेत की नाहीत हे ठरत होतं. माझा कल दांडेकरांकडे आहे. रेषा इतकी खाली नेली की धडधाकट माणसाला भुकेला म्हणण्याची चूक टळते हे खरं, पण खरोखर उपाशी असलेले कित्येक जण रेषेच्या वर राहून यादीतून गळतात. मुलांच्या पुस्तकात यालाच टाइप वन आणि टाइप टू एरर म्हणतात. हे दोन कोणते आणि कुठला कुठला, हे परीक्षेच्या आदल्या रात्री सगळेच विसरतात.

तेव्हा तो धडा आला की जेवताना मुलांना एवढंच विचारा: तू ही रेषा कुठे ओढशील, आणि त्यात चुकून कोण कोण सुटेल? आमच्याकडे दोन रात्री यावर वाद चाललाय. लेक सुखात्म्यांच्या बाजूने आहे.