डिझेल घ्यावं का? भाच्याचा प्रश्न आणि १९७८ ची गाडी

टेक्सासात राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे एक पेट्रोल पिकअप आहे. तिकडे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात, त्यामुळे 'गॅसची गाडी' ऐकून आपाला बरेच दिवस वाटत होतं की पोरगा सिलिंडर लावून फिरतो. गाडी जुनी आहे, हप्ते फिटलेत, रस्त्यात कधी बंद पडलेली नाही. ती देऊन, वर बरीच रक्कम घालून, २००८ सालचं एक वापरलेलं डिझेल पिकअप घ्यायचं त्याच्या मनात आहे. पुढेमागे ट्रेलर जोडून लोकांचं सामान वाहायचं, असा विचार. सोलापुरातून दुल्हेभाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "डिझेलच घे." त्यांनी तीस वर्षं टेम्पो चालवलाय, त्यांचा अनुभव खोटा म्हणता येत नाही. माझं मत मात्र वेगळं पडलं. गाडीतलं मला फार कळत नाही, पण इतिहास वाचायची सवय आहे आणि हा प्रश्न अर्धा इतिहासाचाच आहे.

दुल्हेभाईंचं डिझेल भारतातलं आहे. शेती, एसटी आणि मालवाहतूक यांच्यासाठी सरकारनं डिझेलचा दर वर्षानुवर्षं दाबून ठेवला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो बाजारावर सोडला. तोपर्यंत आपल्याकडे दोन पिढ्यांच्या डोक्यात 'डिझेल म्हणजे बचत' हे पक्कं बसलेलं होतं. अमेरिकेत केंद्राचा कर उलटा आहे. गॅलनमागे पेट्रोलवर १८.४ सेंट, डिझेलवर २४.४ सेंट. तरी २००४ च्या आसपासपर्यंत तिथेही पंपावर डिझेल बहुतेक वेळा स्वस्त मिळायचं. त्यानंतर चित्र पालटलं आणि बहुतांश काळ डिझेलच महाग राहिलं.

पण अमेरिकन माणूस चांगली पेट्रोल गाडी सोडून डिझेलकडे धावला, असं एकदा खरंच झालं होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि रांगा पुन्हा आल्या. मधल्या काळात जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबाइलचं ५.७ लिटरचं डिझेल इंजिन बाजारात आणलं, १९७८ च्या मॉडेलपासून. मोठ्या गाड्यांत ते बसवलं, शेवरोलेच्या सी-१० पिकअपमध्येही बसवलं. ताकद फक्त १२० अश्वशक्ती, पण टाकी दूरवर पुरायची. रांगेत तास घालवलेल्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. १९८१ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी साधारण सहा टक्के डिझेलच्या होत्या. तिथल्या मानानं ही लाटच म्हणायची.

मग इंजिनं फुटू लागली. 'पेट्रोलचं इंजिन घेतलं आणि डिझेल म्हणून विकलं', असं आजही सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. इंजिनाचा मुख्य भाग, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो कंपनीनं चांगला जाड आणि मजबूत करून घेतला होता. चूक वरच्या भागात झाली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की तापून तिनंच इंधन पेटवावं. त्या काळी पेट्रोल इंजिनात हवा साधारण आठपट दाबली जायची, इथे बावीसपटीहून जास्त. म्हणजे वरचं झाकण, हेड, खाली दाबून धरणाऱ्या बोल्टांवर भलताच ताण. आणि बोल्टांची संख्या व जागा जुन्या पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, दर हेडला दहा. कारण कारखान्यातली यंत्रं त्याच मापाची होती आणि ती बदलायला पैसा लागला असता. बोल्ट ताणले जायचे, तुटायचे, गॅस्केट जायचं, पाणी सिलिंडरमध्ये शिरायचं. त्यात इंधनातलं पाणी वेगळं करणारा सेपरेटरही दिलेला नव्हता, म्हणून पंप गंजायचे. लोक कोर्टात गेले. १९८५ नंतर ते इंजिन बंद झालं आणि अमेरिकन मोटारवाल्यांच्या मनातून डिझेल एका पिढीपुरतं उतरलं.

पिकअपवाल्यांच्या मनात ते परत आणलं कमिन्सनं. हे नाव पुणेकरांना नवं नाही. कोथरूडचा किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना १९६२ सालापासूनचा. मूळ कंपनी १९१९ ची, इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची. क्लेसी कमिन्स हा एका बँकर घराण्याचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक, मालकानंच भांडवल घातलं. १९८९ च्या मॉडेलपासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन येऊ लागलं. हे मुळात शेतीची, बांधकामाची यंत्रं आणि ट्रक यांच्यासाठी घडवलेलं. १९९८ पर्यंतच्या गाड्यांत तर इंधनाचा पंपही निव्वळ यांत्रिक, कॉम्प्युटर नाहीच. 'डिझेल मरत नाही' ही जी ख्याती आज भाच्याला ऐकू येते, ती बरीचशी या इंजिनांची कमाई आहे.

आता २००८ ची गाडी घ्या. मधे कायदा बदललेला आहे. २००६ पासून अमेरिकेत डिझेलमधलं गंधक दहा लाखांत ५०० भागांवरून १५ वर आणलं गेलं आणि २००७ पासून धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. हवेसाठी हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. घर ते काम पाच-सात मैल एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो तुंबत राहतो. काही मालक तो कापून काढतात. ते बेकायदा आहे, आणि अशी कापलेली गाडी वापरलेल्या बाजारात गुपचूप विकली जाते. म्हणजे ख्याती १९९० च्या दशकातल्या इंजिनाची आणि विकत घेणार त्यानंतरच्या यंत्रणेची गाडी.

मी भाच्याकडून आकडे मागवले. वर्षाला १२,००० मैल. आताची पेट्रोल गाडी गॅलनला १६ मैल देते, म्हणजे ७५० गॅलन. डिझेल १८ देईल असं विकणारा म्हणतो, म्हणजे ६६७ गॅलन. डिझेल पेट्रोलपेक्षा साडेबारा टक्क्यांनी महाग झालं की बचत शून्यावर येते, आणि तिकडे तेवढा फरक काही नवलाचा नाही. वर ऑइल बदलताना डिझेलला दीडपट-दुप्पट ऑइल. ट्रेलर किती वेळा ओढला, विचारलं. गेल्या वर्षात चार वेळा, तेही भाड्याचा. मी कळवलं, आहे ती ठेव. दर आठवड्याला ओझं ओढायचं काम हाताशी आलं तर डिझेल पाहा, आणि तेव्हाही सर्व्हिसची कागदपत्रं बघितल्याशिवाय, खाली वाकून फिल्टर जागेवर आहे का ते तपासल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. दुल्हेभाईंना हे पटलेलं नाही.

राहिली ती ओल्ड्समोबाइलची इंजिनं. कित्येक मालकांनी डिझेल उतरवून त्याच जागी त्याच कंपनीचं पेट्रोल इंजिन बसवून घेतलं. माप एकच असल्यामुळे ते सहज बसायचं. आणि भंगारात गेलेल्या त्या डिझेल इंजिनांचे जाड ब्लॉक शर्यतीच्या गाड्या बनवणारे लोक शोधून शोधून उचलू लागले. त्यात ते पेट्रोलचं इंजिन उभं करायचे.