हास्य आणि भयानक यांचा मेळ : हॉलीवूडच्या भयहास्यपटांतील ज्येष्ठ नटांचा अभ्यास (१९४१-१९६४)

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासलेखनात काही प्रकारांची दखल एखाद्या परंपरेच्या ऱ्हासाची खूण म्हणूनच घेतली जाते. भयहास्यपट हा त्यांपैकी एक होय. ज्या नटांनी उमेदीच्या काळात प्रेक्षकांचा थरकाप उडविला, त्यांनीच उतारवयात त्याच मुद्रेने हसवावे, यात अनेकांना अधोगती दिसते. प्रस्तुत लेखात हे मत काही निवडक अमेरिकन कलाकृतींच्या आधारे तपासले आहे. या चित्रपटांचे आकर्षण त्यांतील विनोदापेक्षा ज्येष्ठ नटांच्या चेहऱ्यात साठलेल्या भयाच्या स्मृतीत आहे, हे या लेखाचे प्रतिपादन होय.

रसविरोधाचा प्रश्न

भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार वेगळ्या संदर्भात फार पूर्वी केला आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस सांगितले आहेत. या न्यायाने भयहास्यपट हा सदोषच ठरावा. परंतु मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त या नियमाचे अपवाद नोंदविले आहेत. विरोधी रस केवळ स्मरणरूपाने आला असेल, तर तो दोष ठरत नाही. रणांगणात पतीचा तुटलेला हात पाहून पत्नीला पूर्वीचा शृंगार आठवतो आणि त्यामुळे करुण रस उणावत नाही, उलट वाढतो, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. 'स्मरणातला रस' ही कल्पना भयहास्यपटाला लावून पाहिली असता त्याच्या इतिहासाचा उलगडा अधिक नीट होतो. भय प्रत्यक्ष नसते, ते आठवलेले असते. म्हणूनच त्याच्या सोबतीने हसता येते. मात्र आठवण येण्यासाठी मूळ अनुभव आधी घडलेला असावा लागतो.

स्मृतीची घडण

हा मूळ अनुभव प्रामुख्याने १९३१ या एकाच वर्षात घडला. फेब्रुवारीत बेला लुगोसी यांचा 'ड्रॅक्युला' आणि नोव्हेंबरात बोरिस कार्लोफ यांचा 'फ्रँकेन्स्टाइन' हे युनिव्हर्सल कंपनीचे चित्रपट प्रदर्शित झाले. त्याच वर्षी जर्मनीत फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या चित्रपटात पीटर लॉरे यांनी बालकांच्या खुन्याची भूमिका केली. १९३८ साली 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' एकत्र पुनःप्रदर्शित झाले व त्यांना मिळालेल्या प्रतिसादातून १९३९ चा 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' निघाला. त्यात कार्लोफ आणि लुगोसी यांच्यासह बेसिल रॅथबोन होते. त्याच वर्षीच्या 'टॉवर ऑफ लंडन' मध्ये कार्लोफ व रॅथबोन यांच्याबरोबर तरुण व्हिन्सेंट प्राइस दिसले. पुढे चोवीस वर्षांनी विनोदाच्या निमित्ताने एकत्र येणारी मंडळी ही अशी होती.

या स्मृतीचा विनोदासाठी जाणीवपूर्वक उपयोग जोसेफ केसलरिंग यांच्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकात आढळतो. १९४१ साली ब्रॉडवेवर आलेल्या या नाटकातील जोनाथन ब्रूस्टर या खुन्याला त्याचा चेहरा बोरिस कार्लोफसारखा दिसतो असे कोणी म्हटले की संताप येतो आणि ही भूमिका खुद्द कार्लोफच करीत होते. प्रेक्षकाजवळ पूर्वस्मृती नसेल तर हा विनोद विनोदच राहत नाही.

१९४८ : गांभीर्याचे महत्त्व

'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' (१९४८) हा चित्रपट या प्रकाराचा आदर्श मानला जातो. चार्ल्स बार्टन दिग्दर्शित या चित्रपटात ड्रॅक्युलाला आपल्या आज्ञेत राहील अशा राक्षसासाठी साधाभोळा मेंदू हवा असतो आणि तो त्याला एका बावळट हमालाच्या डोक्यात सापडतो. लुगोसी यांनी पूर्ण लांबीच्या चित्रपटात ड्रॅक्युलाची भूमिका १९३१ नंतर येथेच पुन्हा केली आणि ती शेवटची ठरली. त्यांचा ड्रॅक्युला स्वतःची थट्टा करीत नाही. लॉन चेनी ज्युनिअर यांचा लांडगामानवही आपले दुःख गांभीर्यानेच सांगतो. भयाचे पात्र विदूषक झाले असते, तर स्मृती जागीच झाली नसती. हसण्याचे काम दोन विनोदवीरांकडे आणि आठवण जागविण्याचे काम ज्येष्ठ नटांकडे, अशी ही श्रमविभागणी होती.

तथापि या यशाची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. लुगोसी यांना त्यानंतर त्या तोलाची भूमिका मिळाली नाही. १९५५ साली ते स्वतःहून व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाले आणि १९५६ साली त्यांचे निधन झाले. विनोदाने त्यांना एकदा मान दिला, पण उपजीविका दिली नाही. विश्वनाथाने हास्याचा विरोधी म्हणून भयानकाच्या जोडीला सांगितलेला करुण रस येथे पडद्यामागे उभा असलेला दिसतो.

दूरचित्रवाणी आणि नवा प्रेक्षक

१९४८ च्या चित्रपटाने युनिव्हर्सलच्या भयपटांचा शेवट केला, हे मत अर्धेच खरे आहे. १९५७ साली त्या कंपनीचे ५२ जुने चित्रपट 'शॉक' या नावाच्या संचातून अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना उपलब्ध झाले. १९३१ नंतर जन्मलेल्या मुलांनी कार्लोफ आणि लुगोसी यांना घरात बसून पाहिले. हास्याने भय संपले असते, तर हे पुनरुज्जीवन घडले नसते.

याच तरुण प्रेक्षकावर अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीची भिस्त होती. रॉजर कॉर्मन दिग्दर्शित आणि रिचर्ड मॅथेसन लिखित 'हाउस ऑफ अशर' (१९६०) पासून एडगर ॲलन पो यांच्या कथांवरील चित्रपटांची मालिका सुरू झाली. 'टेल्स ऑफ टेरर' (१९६२) मधील एका कथेत प्राइस व लॉरे यांची विनोदी जोडी जमली आणि 'द रेव्हन' (१९६३) मध्ये कार्लोफ त्यांना येऊन मिळाले. प्राइस आणि कार्लोफ या दोन जादूगारांचे द्वंद्व हा त्या चित्रपटाचा कळस होय.

'द कॉमेडी ऑफ टेरर्स'

या प्रक्रियेचे परिपक्व रूप म्हणजे मॅथेसन यांनीच लिहिलेला आणि जॅक टूर्नर यांनी दिग्दर्शित केलेला 'द कॉमेडी ऑफ टेरर्स' होय. १९६३ साली त्याचे चित्रीकरण झाले, तेव्हा कार्लोफ पंचाहत्तर, रॅथबोन एकाहत्तर, लॉरे एकोणसाठ आणि प्राइस बावन्न वर्षांचे होते. अंत्यविधीचा व्यवसाय करणारा ट्रंबुल (प्राइस) वर्षाचे घरभाडे थकल्यामुळे गिऱ्हाईक मिळविण्यासाठी खून करू लागतो. त्याच्याजवळ शवपेटी एकच. शोक करणारे परतले की प्रेत खड्ड्यात टाकून पेटी परत आणायची. जुनी नेपथ्ये आणि जुने नट पुन्हा वापरून काटकसरीने चित्रपट काढणाऱ्या कंपनीचे हे नकळत उतरलेले आत्मचित्रच म्हणावे लागेल.

कार्लोफ यांना आधी घरमालकाची भूमिका योजिली होती. परंतु तिच्यातील धावपळ त्यांच्या दुखणाऱ्या शरीराला झेपणारी नव्हती. म्हणून ती रॅथबोन यांच्याकडे गेली आणि कार्लोफ यांनी कानाने अधू, विसराळू सासऱ्याची भूमिका स्वीकारली. रॅथबोन यांनी शेक्सपिअरच्या रंगभूमीवर मिळविलेले शिक्षण येथे वेगळ्याच रीतीने उपयोगी पडले. त्यांचा घरमालक मृतवत होण्याच्या विकारामुळे मेला असे वाटून पुरला जातो आणि पुन्हापुन्हा उठून 'मॅकबेथ'मधील संवाद म्हणतो. एका अंत्यविधीत भाषण करताना कार्लोफ यांचा म्हातारा मृताचे नावच विसरतो. एकेकाळी ज्याच्या पावलांच्या आवाजाने प्रेक्षागृह गोठत असे, तो नट आता वार्धक्याचीच भूमिका करतो. मृत्यूची थट्टा मृत्यूच्या जवळ पोहोचलेल्यांनी केल्यामुळे तिला वजन येते. मार्च १९६४ मध्ये लॉरे, १९६७ साली रॅथबोन आणि १९६९ साली कार्लोफ कालवश झाले. याच मंडळींसाठी मॅथेसन यांनी लिहिलेली पुढील पटकथा पडद्यावर आली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भयहास्यपट हा भयपटाचा अंत नसून त्याच्या स्मृतीची एक अवस्था आहे. दुसरी, या अवस्थेला काळाचे अंतर तसेच पुनःप्रदर्शन व दूरचित्रवाणी यांसारखी स्मृती टिकविणारी साधने लागतात. तिसरी, ही स्मृती नटाच्या देहात राहते आणि त्याच्याबरोबर जाते. मेल ब्रुक्स यांनी 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (१९७४) काढला, तेव्हा त्यांनी चित्रीकरण कृष्णधवल ठेवले आणि १९३१ च्या चित्रपटातील प्रयोगशाळेची मूळ उपकरणे मिळवून वापरली. नट उरले नव्हते. स्मृतीला वस्तूंचा आधार घ्यावा लागला. तो चित्रपट उत्कृष्ट आहे, पण त्यातील यंत्रांना वार्धक्य नाही. ज्येष्ठ नटांच्या या भूमिकांना अधोगती म्हणण्याऐवजी, आपण निर्माण केलेल्या भयाचा त्यांनी स्वतःच्या हयातीत हसतमुखाने घेतलेला निरोप म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.