५ एप्रिल : ‘लॉयल्टी’ लंडनला निघाली

१९१९ साली आजच्याच दिवशी ‘एस. एस. लॉयल्टी’ मुंबई बंदरातून लंडनकडे निघाली. बोट नवी नव्हती. इंग्लंडमध्ये बॅरो येथे बांधलेली ही ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ १८९१पासून व्हँकुव्हर आणि हाँगकाँगदरम्यान उतारूंची ने-आण करी. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय केले. त्यांच्याकडून ती सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींकडे आली. ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ हे त्यांच्या कंपनीचे नावही शिंदे (सिंदिया) महाराजांवरूनच पडले. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रात जुनी बोट लोटायची, हे धाडस थोर खरेच! १९२३मध्ये ‘लॉयल्टी’ मुंबईतच मोडीत निघाली. तिच्या त्या प्रवासाची आठवण म्हणून १९६४पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.